वास्तुशिक्षण, कृतिप्रधान

वास्तुकलेच्या विद्यापीठीय शिक्षणात आरेखन व व्याख्याने यांच्या जोडीने प्रत्यक्ष बांधणी, सामग्रीची हाताळणी, कारागिरांच्या सहवासातील काम आणि अन्य विद्याशाखांचे सहकार्य यांना पायाभूत स्थान देणारी शिक्षणपद्धती. या पद्धतीत विद्यार्थी वास्तूची कल्पना कागदावर मांडून थांबत नाही. तिचा एखादा भाग, पूर्णाकृती नमुना वा लहानशी संपूर्ण वास्तू तो स्वतः उभारतो आणि ती वापरणाऱ्यांच्या अनुभवावरून आपल्या कल्पनेची परीक्षा करतो.

आराखडा ही वास्तुशिल्पज्ञाची भाषा असली, तरी आराखडा म्हणजे वास्तू नव्हे. नकाशात भिंत दोन समांतर रेषांनी दाखविली जाते. भिंतीतील दगड कसे सांधले आहेत, ते चुन्यात बसविले आहेत की मातीत, पावसाचे पाणी तिच्या माथ्यावरून कोठे उतरेल आणि ती रचण्यास किती माणसांना किती दिवस लागतील, हे त्या दोन रेषा सांगत नाहीत. हे ज्ञान ज्याला आहे, त्याच्या हातून काढलेल्या रेषा आणि ज्याला नाही त्याच्या रेषा कागदावर सारख्याच दिसतात. फरक पडतो तो वास्तूत राहणाऱ्यांना. कृतिप्रधान शिक्षणाची गरज या साध्या वस्तुस्थितीतून निर्माण झाली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने आपल्या दहा खंडांच्या ग्रंथात वास्तुविद्येची दोन अंगे सांगितली आहेत : हातांनी करावयाची कृती आणि बुद्धीने करावयाचा विचार. यांपैकी एकाच अंगावर विसंबणारा मनुष्य अपुरा राहतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. भूमिती, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, वैद्यक, कायदा व ज्योतिष यांचा परिचयही तो वास्तुशिल्पज्ञाला आवश्यक मानतो. कृतिशीलता व आंतरविद्याशाखीयता या दोन्ही कल्पनांचे मूळ इतके जुने आहे.

मध्ययुगीन यूरोपात बांधकामाचे शिक्षण कारागिरांच्या श्रेणींमध्ये उमेदवारीच्या रूपाने मिळत असे. कॅथीड्रलसारख्या महावास्तूंचे नियोजन करणारा प्रमुख गवंडी स्वतः दगड घडविण्याच्या कामातून वर आलेला असे. प्रबोधनकाळात ही स्थिती पालटू लागली. लेओन बात्तीस्ता आल्बेर्ती (१४०४–७२) याने वास्तूची कल्पना करणारा विद्वान आणि ती हातांनी साकारणारा कारागीर यांत स्पष्ट भेद केला. या भेदामुळे वास्तुकलेस बौद्धिक प्रतिष्ठा लाभली. परंतु रेखाटणारा हात आणि रचणारा हात यांच्यात अंतरही पडले.

फ्रान्समध्ये १६७१ साली स्थापन झालेल्या राजकीय वास्तुकला अकादमीने आणि तिच्या परंपरेतून एकोणिसाव्या शतकात विकसित झालेल्या पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेने हे अंतर शिक्षणपद्धतीत पक्के केले. तेथील विद्यार्थी एखाद्या ज्येष्ठ वास्तुशिल्पज्ञाच्या आतल्येमध्ये, म्हणजे कार्यकक्षात, काम करीत आणि ठराविक मुदतीच्या स्पर्धांसाठी भव्य व रंगीत आरेखने तयार करीत. विधानाची शिस्त, प्रमाणबद्धता व समीक्षेची सवय हे या पद्धतीचे मोठे गुण होत. मात्र स्पर्धेत पारितोषिक मिळे ते आरेखनास. ती वास्तू कधी बांधली जात नसे. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १८६८ पासून वास्तुकलेचे वर्ग सुरू झाले, तेव्हा विद्यापीठीय शिक्षणासाठी हाच नमुना डोळ्यांपुढे होता.

या विभाजनाविरुद्धची प्रतिक्रिया प्रथम इंग्लंडमध्ये उमटली. विल्यम मॉरिस (१८३४–९६) व त्याचे सहकारी यांच्या कला-कारागिरी चळवळीने कलावंत व कारागीर यांच्या ऐक्याचा पुरस्कार केला. पुढे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांच्या अनुभवाधिष्ठित शिक्षणाच्या विचाराने कृतीला शैक्षणिक सिद्धांताचे बळ दिले.

बौहाउस : कृतिप्रधान कलाशिक्षणाचा सर्वांत प्रभावी प्रयोग म्हणजे व्हाल्टर ग्रोपिअस (१८८३–१९६९) यांनी १९१९ मध्ये जर्मनीतील व्हायमार येथे स्थापन केलेली बौहाउस ही संस्था होय. सर्व कलांचे अंतिम उद्दिष्ट वास्तू हे आहे, अशी तिची भूमिका होती. योहानेस इट्टेन (१८८८–१९६७) यांनी आखलेल्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थी लाकूड, काच, धातू, वस्त्र इत्यादींचे गुणधर्म स्वतः हाताळून पारखीत. त्यानंतर ते एखाद्या कार्यशाळेत दाखल होत. प्रारंभीच्या काळात प्रत्येक कार्यशाळेस दोन गुरू असत : रूपाचे शिक्षण देणारा कलावंत आणि कसबाचे शिक्षण देणारा कारागीर. या दुहेरी गुरुपद्धतीमुळे दोन्ही प्रकारच्या ज्ञानाला वर्गात समान आसन मिळाले.

व्हायमार येथे १९२३ साली उभारलेल्या ‘हाउस आम हॉर्न’ या प्रायोगिक घराचा आराखडा गेओर्ग मूखे या चित्रकाराचा होता आणि त्यातील फर्निचर, दिवे, गालिचे इ. वस्तू कार्यशाळांनी तयार केल्या होत्या. विशेष म्हणजे वास्तू हे अंतिम ध्येय मानणाऱ्या या संस्थेत वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग सुरू होण्यास १९२७ साल उजाडावे लागले. तोवर संस्था डेसौ येथे स्थलांतरित झाली होती. वास्तुकला विभागाचे पहिले प्रमुख हानेस मायर (१८८९–१९५४) यांनी भावी रहिवाशांच्या गरजा, सूर्यप्रकाश, खर्च आणि दैनंदिन व्यवहार यांचे पद्धतशीर परीक्षण हा अभिकल्पाचा आधार मानला. डेसौ-टर्टेन वसाहतीत १९३० मध्ये पूर्ण झालेल्या पाच इमारतींतील ९० सदनिका हे त्यांच्या मार्गदर्शनाखाली वास्तुकला विभागातील विद्यार्थ्यांनी केलेले काम आहे. अल्प भाड्यात राहणाऱ्या कामगार कुटुंबांसाठी ती घरे होती. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणामुळे बौहाउस बंद पडले. मात्र तेथील अनेक शिक्षक देशोदेशी गेल्याने त्याची पद्धती जगभर पसरली.

अमेरिकेतील प्रयोग : फ्रँक लॉइड राइट (१८६७–१९५९) यांनी १९३२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात सुरू केलेल्या टॅलिएसिन फेलोशिपमध्ये उमेदवार शेती, स्वयंपाक, सुतारकाम व दगडकाम करीत करीतच अभिकल्प शिकत. हे शिक्षण विद्यापीठाबाहेरचे व एका व्यक्तीच्या प्रभावाखालचे होते.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्लॅक मौंटन कॉलेज (१९३३–५७) या संस्थेत चित्रकला, संगीत, नृत्य, गणित व वास्तुकला यांचे विद्यार्थी एकत्र शिकत. तेथील अध्ययनगृह १९४०–४१ मध्ये विद्यार्थी व शिक्षक यांनी स्वतः बांधले. १९४८ च्या उन्हाळी सत्रात बकमिन्स्टर फुलर (१८९५–१९८३) यांनी विद्यार्थ्यांसह खिडक्यांच्या झडपांना वापरतात तसल्या पातळ पट्ट्यांपासून मोठा भूगणितीय घुमट उभारण्याचा प्रयत्न केला. पट्ट्या अपुऱ्या बळकट असल्याने घुमट उभाच राहिला नाही. पुढच्या वर्षी अधिक योग्य सामग्री वापरून रचलेला लहान घुमट उभा राहिला आणि त्याला लोंबकळून विद्यार्थ्यांनी त्याचे बळ सिद्ध केले. अपयशाची कारणमीमांसा करून पुन्हा बांधणे, हा कृतिशिक्षणाचा गाभा या उदाहरणात दिसतो. चुकलेले आरेखन समीक्षकाच्या मताने चुकीचे ठरते. न उभा राहणारा घुमट कोणाच्याही मताची वाट पाहत नाही.

विद्यापीठीय अभ्यासक्रमात बांधणीला नियमित स्थान देण्याचे श्रेय येल विद्यापीठाकडे जाते. तेथील वास्तुकला विभागाचे प्रमुख चार्ल्स मूर (१९२५–९३) यांनी १९६७ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षात बांधणी-प्रकल्प सुरू केला. पहिला प्रकल्प केंटकी राज्यातील न्यू झायन या गरीब वस्तीतील समाजकेंद्राचा होता. पुढे, १९८९ पासून, हे विद्यार्थी मुख्यतः न्यू हेवन शहरात अल्प खर्चाची घरे बांधू लागले. चिलीमध्ये व्हालपारायझोच्या कॅथलिक विद्यापीठातील वास्तुशिल्पज्ञ आल्बेर्तो क्रूस व कवी गोदोफ्रेदो इयोम्मी यांच्या पुढाकाराने १९७० च्या सुमारास रितोके येथील समुद्रकाठच्या वालुकामय भूमीवर ‘मुक्त नगरी’ उभी राहू लागली. तेथे काव्य व बांधणी यांची सांगड घातली जाते.

रूरल स्टुडिओ : अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाचे प्राध्यापक सॅम्युएल मॉकबी (१९४४–२००१) व डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये विद्यापीठाच्या आवारापासून दूर, हेल परगण्यात ‘रूरल स्टुडिओ’ हा उपक्रम सुरू केला. पश्चिम अलाबामातील हा प्रदेश दारिद्र्यग्रस्त आहे. विद्यार्थी तेथेच मुक्काम करतात, कुटुंबांशी व ग्रामसंस्थांशी चर्चा करून आराखडा ठरवितात आणि बांधकामही करतात. गवताच्या गठ्ठ्यांवर गिलावा करून रचलेल्या जाड भिंतींचे घर (१९९४) व मातीने ठासून भरलेल्या सुमारे हजार जुन्या टायरींपासून केलेले प्रार्थनामंदिर (१९९५) या त्याच्या प्रारंभीच्या प्रसिद्ध वास्तू होत.

मॉकबी यांच्या निधनानंतर अँड्र्यू फ्रीअर यांच्या नेतृत्वाखाली उपक्रमाची दिशा हळूहळू बदलली. एका कुटुंबासाठी एक अनोखे घर बांधले, तरी शेजारच्या कुटुंबाचा प्रश्न तसाच राहतो, ही जाणीव त्यामागे होती. २००५ मध्ये ‘वीस हजारांचे घर’ ही योजना सुरू झाली. वृद्धत्वाच्या अल्प निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या व्यक्तीस किती कर्ज फेडता येईल, या हिशेबावरून २०,००० डॉलरची मर्यादा ठरविण्यात आली, त्यांपैकी सु. १२,००० डॉलर सामग्रीसाठी व उरलेले मजुरी व नफा यांसाठी धरले होते. दरवर्षी विद्यार्थी आधीच्या घरांतील उणिवा पाहून नवा नमुना तयार करू लागले. या कामात त्यांना घराच्या आराखड्याइतकाच कर्जव्यवहार, विमा, बांधकाम-नियम, ऊर्जाखर्च आणि वृद्धांचे आरोग्य यांचा विचार करावा लागला. प्रारंभी ठरविलेली रक्कम वाढत्या किंमतींमुळे पुढे टिकली नाही. परंतु परवडण्याजोगे घर म्हणजे केवळ स्वस्त बांधलेले घर नव्हे, तर ज्याचे हप्ते, वीजबिल आणि दुरुस्ती रहिवाशाला झेपते असे घर, हा धडा त्यातून पुढे आला.

अध्यापनपद्धती : कृतिप्रधान शिक्षणाच्या साधारणतः पाच पायऱ्या मानता येतात. (१) सामग्रीचा परिचय : विद्यार्थी विटा रचतो, चुना मळतो, लाकडाचे सांधे कापतो व काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांचे बळ तपासतो. (२) मोजणी : अस्तित्वात असलेली वास्तू फूटपट्टीने व दोरीने मोजून तिचे विधान, छेद व उठाव काढले जातात, त्यामुळे प्रमाणांचे ज्ञान डोळ्यांबरोबर शरीरालाही होते. (३) प्रतिकृती व पूर्णाकृती नमुना : जिन्याच्या पायरीची उंची किंवा खिडकीच्या तळाची पातळी कागदावर ठरविण्याऐवजी प्रत्यक्ष आकारात करून पाहिली जाते. (४) बांधणी : वापरासाठी असलेली लहान वास्तू गटाने उभारली जाते. (५) पुनर्भेट : एकदोन पावसाळे गेल्यावर विद्यार्थी वास्तूकडे परत जाऊन ती कोठे गळते, कोठे तापते व रहिवाशांनी तिच्यात कोणते बदल केले, याची नोंद करतात. शेवटची पायरी बहुधा वगळली जाते; वास्तविक सर्वांत महत्त्वाचे ज्ञान तीच देते.

बांधणीच्या कामात विद्याशाखांच्या सीमा आपोआप ओलांडल्या जातात. जमिनीची धारणशक्ती भूविज्ञान सांगते, तुळईची जाडी संरचना-अभियांत्रिकी ठरविते, पाण्याचा निचरा आरोग्यशास्त्राशी निगडित असतो आणि स्वयंपाकघर कोठे असावे, हे घरातील स्त्रीला विचारल्यावाचून कळत नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र व कायदा हे विषय वेळापत्रकातील स्वतंत्र तास न राहता एकाच कामाची अंगे बनतात. मात्र याचा अर्थ वास्तुशिल्पज्ञाने या सर्व शास्त्रांत पारंगत व्हावे असा नसून, कोणता प्रश्न कोणाकडे न्यावा व मिळालेले उत्तर रचनेत कसे सामावून घ्यावे, हे त्याने जाणावे असा आहे.

भारत : भारतीय परंपरेत ⇨ मयमत, मानसार इ. ग्रंथांनी स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी व तक्षक असे शिल्पींचे चार वर्ग सांगितले आहेत. स्थपतीला विविध शास्त्रांचे ज्ञान असावे, अशी अपेक्षा या ग्रंथांत असून विद्येचे संक्रमण मुख्यतः कुलपरंपरेने व कामाच्या जागी होत असे. आधुनिक शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या ⇨ सर ज. जी. कलाशाळेत १८९६ मध्ये आरेखकांचा वर्ग सुरू झाला. त्यातून पुढे वास्तुकला विभाग विकसित झाला व १९५८ मध्ये त्याचे स्वतंत्र महाविद्यालय बनले. आरेखकांच्या गरजेतून जन्मल्यामुळे या शिक्षणावर आरंभापासून आरेखनाचा पगडा होता. तथापि दोन महायुद्धांच्या दरम्यान विभागाची धुरा वाहणारे क्लॉड बॅटली (१८७९–१९५६) यांनी विद्यार्थ्यांकडून पश्चिम भारतातील जुन्या वास्तूंच्या मोजणीची आरेखने करवून घेतली. स्थानिक बांधणीकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची दृष्टी त्यामुळे रुजली.

याच संस्थेत शिकलेले, मूळचे पुण्याचे बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांनी ल कॉर्ब्यूझ्ये यांच्या हाताखाली काम केल्यानंतर १९६२ मध्ये अहमदाबाद येथे वास्तुकला विद्यालय स्थापन केले. त्यांनीच आखलेल्या विटा व काँक्रीट यांच्या मोकळ्या इमारतीत वर्ग, कार्यशाळा व बाहेरचे आवार यांच्यात कडक सीमा नाहीत. १९७२ मध्ये तेथे नियोजनाचे विद्यालय सुरू झाले. पुढे अन्य शाखांची भर पडून २००५ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. केरळमध्ये लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी बांधकामाच्या जागीच गवंड्यांबरोबर निर्णय घेण्याची पद्धत अवलंबिली आणि अनेक तरुण वास्तुशिल्पज्ञ त्यांच्या कामांवर शिकले. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर भूज येथे उभी राहिलेली हुन्नरशाला ही संस्था कारागीर व वास्तुशिल्पज्ञ यांना एकत्र आणते.

भारतात वास्तुशिल्पज्ञ अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद शिक्षणाचे किमान मानदंड ठरविते. पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून त्यात एका सत्राचे व्यावसायिक प्रशिक्षण अंतर्भूत असते. हे प्रशिक्षण बहुधा व्यावसायिकाच्या कार्यालयात होते. तेथे विद्यार्थ्याला व्यवसायाचा परिचय होतो. पण कार्यालयातही त्याच्यापुढे मुख्यतः आरेखनेच असल्याने, बांधकामाची जागा तो पाहतोच असे नाही.

या उणिवेचे गांभीर्य महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अनुभवले. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावांत दगडमातीच्या जाड भिंती व मातीच्या थराचे जड माळवद असलेली घरे मोठ्या प्रमाणावर कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या भिंतींना आतबाहेर दगडांचे दोन थर व मध्ये बारीक दगडमातीची भर असे. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड अनेक भिंतींत नव्हते. काही घरांत लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्याने भिंती पडल्यावरही छत तोलून धरले. नकाशात आरपार दगड असलेली व नसलेली भिंत सारखीच दिसते. या भूकंपानंतरच्या पुनर्वसनात घरांच्या बांधणीबरोबर गवंड्यांच्या प्रशिक्षणाचा आणि जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचा प्रश्नही पुढे आला. जुनी भिंत उकलून पाहिलेला विद्यार्थी आणि तिचा केवळ नकाशा काढलेला विद्यार्थी यांच्या ज्ञानातील अंतर अशा वेळी प्रकट होते.

मर्यादा व आक्षेप : कृतिप्रधान शिक्षणावर अनेक आक्षेप घेतले जातात. बांधकामाचा काळ सत्राच्या चौकटीत बसत नाही. काँक्रीटचे बळ मोजण्यासाठी २८ दिवसांची मुदत प्रमाण मानतात, तर चुना त्याहून पुष्कळ सावकाश बळ धरतो. महाराष्ट्रात शैक्षणिक वर्षाची सुरुवात भर पावसाळ्यात होत असल्याने गवंडीकामाला योग्य हंगाम दिवाळीनंतरच मिळतो. गटाने केलेल्या कामाचे वैयक्तिक मूल्यमापन अवघड असते, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेवर येते आणि मोठ्या वर्गांना पुरेसे अनुभवी मार्गदर्शक मिळत नाहीत. विद्यार्थी बांधू शकतात त्या वास्तू लहान असतात. रुग्णालय वा बहुमजली इमारत यांचे ज्ञान या मार्गाने मिळत नाही.

याहून गंभीर आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. गरीब कुटुंबाचे घर हे विद्यार्थ्याच्या प्रयोगाचे साधन ठरू शकते. पदवी घेऊन विद्यार्थी निघून जातो आणि गळणारे छत मागे राहते. विद्यार्थ्यांच्या विनामूल्य श्रमांमुळे स्थानिक गवंड्याचा रोजगार बुडण्याचाही संभव असतो. म्हणून रहिवाशांची संमती, तज्ज्ञ अभियंत्याची तपासणी, कारागिराला शिक्षकाचा दर्जा व मानधन आणि देखभालीची लेखी जबाबदारी या गोष्टी प्रकल्पाच्या आरंभीच निश्चित होणे आवश्यक आहे.

संगणकीय आरेखनाच्या प्रसारामुळे या पद्धतीचे महत्त्व कमी न होता वाढले आहे. पडद्यावरील त्रिमित चित्रात कोणतीही भिंत उभी राहते आणि कोणतेही छत गळत नाही. यंत्राच्या साहाय्याने सांधे कापणे, नमुने मुद्रित करणे व भाराचे गणित झटपट करणे शक्य झाल्याने कार्यशाळेच्या साधनांत भर पडली आहे. परंतु सामग्रीचे वजन, हवामान आणि माणसाचे वागणे यांची ओळख करून देण्याचे काम अद्यापि बांधकामाच्या जागीच होते. आरेखन व कृती यांपैकी एकाची निवड करणे हा या शिक्षणाचा हेतू नाही. कृतीने शहाणा झालेला हात पुन्हा कागदाकडे वळला, म्हणजे त्याच्या दोन समांतर रेषांत दगड, चुना, पाणी, मजुरी व रहिवासी यांचा विचार सामावलेला असावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे.